तुम्ही विचारलंत म्हणून : साठीच्या आत दवाखाना का सोडला?

पुण्याला गेलो की हा प्रश्न चहाच्या आधी येतो. मागच्या खेपेला मामींनी विचारला. "तिकडे इंग्लंडात रात्री-अपरात्री कोणी दार वाजवत नाही, पेशंटकडे पैसे मागायचे नाहीत, सरकार वेळेवर देतं. मग सत्तावन्नाव्या वर्षीच सोडलंस कशाला रे?" मी "कंटाळा आला" म्हणून वेळ मारून नेली. खरं म्हणजे कंटाळा आला नव्हता.

आधी एक गैरसमज दूर करतो. इंग्लंडमधला जीपी, म्हणजे आपला फॅमिली डॉक्टर, हा बहुतेक करून सरकारी नोकर नसतो. १९४८ साली एनएचएस, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा, सुरू झाली तेव्हाच डॉक्टरांनी पगारी व्हायला नकार दिला आणि तेव्हापासून तो सरकारचा कंत्राटदार आहे. आपल्याकडे रस्त्याचं कंत्राट असतं तसंच. नर्स, रिसेप्शनवरच्या बाया, वीजबिल, गळकं छप्पर सगळं त्याने बघायचं, आणि कशाचे किती मिळणार ते करारात लिहिलेलं. करार बदलला की पेशंट तेच राहतात, त्यांचे गुडघे तेच राहतात, डॉक्टरचा दिवस मात्र बदलतो. (दवाखान्याला तिकडे 'सर्जरी' म्हणतात. मी रोज ऑपरेशनं करतो असं आईला शेवटपर्यंत वाटत होतं.)

मी १९८३ साली गेलो आणि १९८९ मध्ये मिडलंड्समधल्या, म्हणजे मध्य इंग्लंडातल्या, एका कोळसा खाणीच्या गावातल्या दवाखान्यात पार्टनर झालो. तिकडच्या डॉक्टरांना नको असलेली गावं आमच्यासारख्यांच्या वाट्याला यायची, हे तेव्हा सगळ्यांना माहीत होतं. मला ते गाव आवडलं. वर्षभरात, १ एप्रिल १९९० ला, नवा करार आला. डॉक्टरांनी तो मतदानात नाकारला होता, तरी लादला. आरोग्यमंत्री होते केनेथ क्लार्क. 'डॉक्टरचा सल्ला न ऐकणाऱ्या माणसाला काय म्हणतात? मिस्टर क्लार्क' अशी पोस्टरं आमच्या संघटनेने लावली होती. हसलो, आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागलो. पंच्याहत्तरीपुढच्या प्रत्येकाची वर्षाला एकदा तपासणी, हवी तर घरी जाऊन. नव्या पेशंटची लघवी तपासा, वजन करा. ठणठणीत म्हातारे मला बघून विचारायचे, "मला काय झालंय, डॉक्टर?"

कामाचं काही वाटलं नाही. त्रास झाला तो लसीकरणाच्या टक्क्यांचा. यादीतल्या दोन वर्षांच्या मुलांपैकी ९० टक्क्यांचं लसीकरण झालं तर मोठी रक्कम, ७० झालं तर छोटी, त्याखाली शून्य. ८९ झालं तरी ७० चीच रक्कम. आमच्या दवाखान्यात तीन-चार मुलं इकडची तिकडे झाली की टप्पा हुकायचा. त्यात १९९८ साली अँड्र्यू वेकफिल्ड या डॉक्टरचा तो लेख आला, एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लशीचा ऑटिझमशी संबंध जोडणारा. पुढे तो मागे घेतला गेला, पण आया घाबरायच्या त्या घाबरल्याच. एका तरुण आईला मी वीस मिनिटं समजावत होतो. गोवर काय करतो ते मी मिरजेला शिकताना वॉर्डात पाहिलेलं आहे, ते सांगत होतो. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "याचे तुम्हाला पैसे मिळतात ना?"

मिळत होते. मी खोटं बोललो नाही. लस चांगलीच होती, मी माझ्या मुलांना दिली होती, पण त्या "हो" नंतर माझं सगळं बोलणं विक्रेत्याचं झालं. मूल घेऊन ती निघून गेली.

मग २००४. हा करार आमच्यावर कोणी लादला नाही. बहुमताने घेतला आणि मीही हात वर केला होता. कारण होतं रात्रीची ड्युटी. फोन आमच्या स्वयंपाकघरात असायचा, मी व्हिजिटला बाहेर गेलो की बायको उचलायची. छातीत दुखतंय की पोटात, हे ती फोडणी देता देता विचारायची. तिला ना पगार ना कुठे नाव. नव्या करारात रात्रीची जबाबदारी सोडता येत होती, डॉक्टरमागे वर्षाला साधारण ६००० पौंड सोडून. ही म्हणाली, "म्हणजे सोळा पौंडांना एक रात्र पडते. घेऊन टाका."

घेतली. वर उत्पन्नही वाढलं. त्याची किंमत दिवसा चुकवायला लागली. आमचं काम मोजायला १४६ निकष, १०५० पॉइंट, पॉइंटला पैसे. पेशंट समोर बसला की स्क्रीनच्या कोपऱ्यात लाल चौकोन उमटायचे : सिगारेट विचारली नाही, रक्तदाब बाकी, पाय तपासायचे राहिले. भेट दहा मिनिटांची. पेशंट एक गोष्ट घेऊन आलेला, मशीन चार गोष्टी मागत असलेलं. निकष मूर्खपणाचे नव्हते हेही सांगायला हवं, मधुमेहाच्या पेशंटची हेळसांड कमी झाली. २०१४ साली पॉइंट ५५९ वर आणले, पण चौकोन बघायची सवय लागली ती लागलीच. आता तर १ ऑक्टोबर २०२५ पासून सकाळी आठ ते संध्याकाळी साडेसहा ऑनलाइन विनंत्याही घ्यायच्या आहेत. माझी जुनी सहकारी म्हणते, समोर बसलेला एक आणि खिडकीत डोकावणारे तीस.

तर मामी, २०१५ चा मार्च. मार्च एंड म्हणजे काय ते बँकेत गेलेल्या तुमच्या मुलाला विचारा, आमच्या पॉइंटांचा हिशोबही ३१ मार्चलाच. एक बाई आल्या. नवरा गेल्याला नऊ दिवस झाले होते. खाणीत काम केलेला माणूस, त्याच्या फुप्फुसांसाठी मी पंचवीस वर्षं त्यांच्या घरी जात होतो. त्या रडत होत्या. स्क्रीनवर लाल चौकोन : रक्तदाब बाकी. मी त्यांचा हात हातात घेतला, त्यांना वाटलं धीर द्यायला. मी पट्टा बांधत होतो. १६८ आला. १५० च्या आत हवा होता. आणि मी, त्यांचं बोलणं मध्येच तोडून, म्हणालो, "महिना संपायच्या आत एकदा नर्सकडे परत येऊन जाल का?"

त्या आल्या. १४६ वर ८४. लाल चौकोन गेला. मॅनेजरने माझ्या टेबलावर चिठ्ठी ठेवली होती, नावापुढे हसरा चेहरा काढून. एप्रिलच्या पहिल्या सोमवारी मी पार्टनरला सहा महिन्यांची नोटीस दिली.