तुम्ही विचारलंत म्हणून: मग तुम्ही सल्ला का देत नाही?

लिफ्टमध्ये, हळदीकुंकवाला, परवा तर मासळी बाजारात पापलेटचा भाव करता करता, एकच प्रश्न येतो. तुम्ही सायकॉलॉजिस्ट ना, मग लोकांना नक्की सांगता काय? सल्ला नाही देत म्हटलं की समोरचीच्या चेहऱ्यावर सरळ दिसतं, मग पैसे कसले घेता बाई?

माझं बालपण लालबागच्या चाळीत गेलं. बाबा गिरणीत होते, जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, जवळजवळ अडीच लाख कामगार घरी बसले त्यात तेही, मी तेव्हा चौथीत. संध्याकाळी बाबा गॅलरीत स्टुलावर बसायचे आणि येणारा-जाणारा काहीतरी सुचवून जायचा, गावाला जा, वडापावची गाडी टाका, अमक्या साहेबाला भेटून बघा. बाबा सगळ्यांना हो हो म्हणायचे. तुम्हाला काय वाटतंय असं कोणी विचारल्याचं मला आठवत नाही, मीसुद्धा नाही विचारलं.

शिक्षण म्हणाल तर मुंबई विद्यापीठाच्या कलिना कॅम्पसला एमए, मग क्लिनिकल सायकॉलॉजीचं दोन वर्षांचं एमफिल, रिहॅबिलिटेशन कौन्सिलचं रजिस्ट्रेशन. पण खरा धडा मिळाला तो नंतर. नवीन नवीन होते तेव्हा एक चोवीस वर्षांचा मुलगा यायचा (तपशील बदललेत हं सगळ्यांचे), नोकरी सोडू की नको हेच दर आठवड्याला, आणि चौथ्या सेशनला मी वैतागून म्हणाले, सोड की मग. त्याने सोडली. दोन महिन्यांनी आला, घराचा हप्ता थकलेला, म्हणाला मॅडम, तुम्ही म्हणालात म्हणून. माझ्या सुपरवायझर बाईंना सांगितलं तर त्या शांतपणे म्हणाल्या, घाई त्याला नव्हती गं, तुला होती.

मी मुख्यतः आरईबीटी वापरते, मराठीत विवेकनिष्ठ मानसोपचार. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास अमेरिकेत ही पद्धत मांडली आणि आपल्याकडे मुंबईच्या कि. मो. फडके सरांनी रुजवली, एलिसशी वर्षानुवर्षं पत्रं लिहून. म्हणणं साधारण असं की घटनेपेक्षा तिच्याबद्दलचा आपला हट्ट जास्त छळतो. आणि मराठीत तो हट्ट एका अक्षरात सापडतो. च.

डोंबिवलीचे एक गृहस्थ, रोज सकाळी प्लॅटफॉर्मवर छातीत धडधड, हार्टच्या डॉक्टरांनी सगळं नॉर्मल सांगितलेलं. त्यांना कागदावर लिहायला लावलं, लिहिलं की मला वेळेत पोचलंच पाहिजे. मी 'च'भोवती लाल पेनाने गोल केला. ते भडकले, म्हणजे काय उशिरा जाऊ? नाही हो, वेळेत पोचावं असं वाटू दे, खुशाल वाटू दे, पण नाही पोचलात तर काय होईल तेवढं लिहा. त्यांनी लिहिलं, साहेब बोलेल. खाली लिहिलं, मस्टरवर लाल शेरा. मग पेन टेकवून बसले ते बसलेच, तिसरी ओळ काही सुचेना.

सगळीकडे 'च' शोधत बसायचं नसतं हेही खरं. नवऱ्याचा मार खाणारी बाई समोर असेल तर तिथे मी सरळ सांगते, आधी सुरक्षित जागा, मग पोलीस, वकील. झोपच उडाली असेल, जीव नकोसा झाला असेल तर सायकिअॅट्रिस्टकडे पाठवते, गोळ्या ते देतात, मी नाही. आणि बाहेर बसलेल्या आया विचारतात ना, काय बोलला हो तो आत, तर ते सांगत नाही, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही गोपनीयता हा पेशंटचा हक्क आहे, त्याला काही अपवाद आहेत, जिवाला धोका असेल तेव्हाचा हा त्यातला एक.

पहिल्या सेशनला मी एक प्रश्न हमखास विचारते, आतापर्यंत कोणी कोणी काय काय सल्ले दिले? मागे एक आजी आल्या होत्या, बोटांवर मोजायला लागल्या, जाऊबाई, भटजी, भाचा, दूधवाला, सतरावर थांबल्या आणि स्वतःच फिस्सकन हसल्या. म्हणाल्या, आणि मेला एकही मी ऐकला नाही.