इंधन महागलं की आधी फेऱ्या वाढवा

डिझेल वाढलं की आमच्या टेबलावर पहिला कागद येतो तो फेऱ्या कमी करण्याचा. मी बसची वेळापत्रकं लावतो. कुठली गाडी कुठल्या आगारातून किती वाजता सुटणार, चालकाची ड्युटी कुठल्या टोकाला बदलणार, जेवणाची सुट्टी कुठे बसवायची, हे सगळं जुळवण्यात माझा दिवस जातो. त्यामुळे इंधन दरवाढीवर सरकारने काय करावं याची चर्चा सुरू झाली की माझं लक्ष एकाच गोष्टीकडे जातं: थांब्यावर उभ्या माणसाला पुढची बस किती वेळाने मिळणार?

गंमत बघा. पेट्रोल महागलं की रोज स्वतःच्या गाडीने जाणारा माणूस म्हणतो, चला, आठवडाभर बसने जाऊन बघू. नेमक्या त्याच आठवड्यात बससेवेचं डिझेलचं बिलही फुगलेलं असतं. म्हणजे नवीन गिऱ्हाईक दारात आणि आपण दुकानाची वेळ कमी करतोय. तो माणूस पाऊण तास उभा राहतो, दोनदा बस भरून न थांबता निघून जाते, आणि पुढच्या सोमवारी तो मुकाट्याने गाडीत पेट्रोल भरतो. तो पुन्हा येत नाही.

फेऱ्या काढताना भारमान, म्हणजे बस किती भरते ते, बघतात. रात्रीच्या शेवटच्या बसला भारमान सगळ्यात कमी, म्हणून कात्री आधी तिला. कागदावर अगदी बरोबर. पण शेवटच्या बसमधली ती आठ-दहा माणसं सकाळीही आपल्याच बसने गेलेली असतात. शिवाय त्याच्या आधीच्या बसमध्येही असे बरेच जण असतात, ज्यांना ‘उशीर झालाच तर मागून एक आहे’ एवढा भरवसा पुरतो. शेवटची बस गेली की भरवसा गेला, आणि सकाळची गर्दीसुद्धा पातळ व्हायला लागते. मग सकाळची एक फेरी काढतात. भारमान कमी म्हणून फेरी बंद, फेरी बंद म्हणून भारमान कमी. हर्बर्ट मोहरिंग या अर्थतज्ज्ञाने १९७२ मध्ये याचीच सुलटी बाजू मांडली होती: प्रवासी वाढले की फेऱ्या वाढवता येतात, आणि फेऱ्या वाढल्या की जुन्या प्रवाशांचंही थांबणं कमी होतं. चाक दोन्ही दिशांनी फिरतं.

२०२२ मध्ये युरोपात इंधन भडकलं तेव्हा जर्मनीने जून ते ऑगस्ट असे तीन महिने दोन्ही गोष्टी एकदम केल्या. पेट्रोलवरचा कर लिटरमागे सुमारे ३० सेंटनी उतरवला, आणि महिन्याला फक्त ९ युरोंत देशभरातल्या स्थानिक बस, ट्राम, लोकल गाड्यांचा पास दिला. सुमारे ५ कोटी २० लाख पास विकले गेले. गाड्यांत पाय ठेवायला जागा नव्हती. लोकांना स्वस्त प्रवास हवा आहे हे त्यातून नक्कीच दिसलं. पण ज्या खेड्यात दिवसातून तीनदाच बस येते, तिथल्या माणसाला ९ युरोंचा पास घेऊन करायचं काय? आणि कर उतरवल्याचा फायदा ज्याची टाकी मोठी त्याला जास्त. सायकलवाल्याला, पायी जाणाऱ्याला काहीच नाही.

न्यूझीलंडचं उदाहरण मला जास्त जवळचं वाटतं, कारण तिथे दुखणं आमच्या धंद्यातलं होतं. त्याच वर्षी तिथे इंधनावरचा कर लिटरमागे २५ सेंटनी कमी झाला आणि बस-रेल्वेचं भाडं निम्मं झालं. पण चालकच नव्हते! ऑकलंड आणि वेलिंग्टनमध्ये चालकांअभावी फेऱ्या रद्द व्हायला लागल्या. निम्म्या भाड्याची बस, पण येतच नाही. शेवटी सरकारला चालकांचे पगार वाढवायला वेगळा पैसा काढावा लागला. गुंतवणूक म्हटलं की सगळ्यांना नवी कोरी बस दिसते, हार घातलेली. चालकाचा पगार हीसुद्धा गुंतवणूकच, फक्त तिची फीत कापता येत नाही.

आता थोडं गणित करतो, कंटाळा आला तर पुढे सरका. समजा एका मार्गावर गाडीला जाऊन-येऊन, टोकावरची विश्रांती धरून, १२० मिनिटं लागतात. दर अर्ध्या तासाने बस हवी असेल तर ४ गाड्या पुरतात. दर दहा मिनिटांनी हवी असेल तर १२ लागतात. चाराच्या बारा म्हटल्यावर हिशेब विभागाच्या पोटात गोळा येतो. पण त्या १२० मिनिटांतली बरीच मिनिटं कोंडीत आणि सिग्नलला जातात. बसला स्वतःची मार्गिका दिली, सिग्नलला तिला आधी सोडलं आणि फेरी १०० मिनिटांत बसली, तर तीच दहा मिनिटांची सेवा १० गाड्यांत होते. दोन गाड्या आणि त्यांचे चालक मोकळे झाले, डिझेल वाचलं, आणि प्रवासीही लवकर पोचला. त्यासाठी लागतो पांढरा-पिवळा रंग, थोडे खांब, आणि त्या मार्गिकेत गाडी लावणाऱ्याला हटकण्याची धमक. शेवटची वस्तू सगळ्यात महाग.

हेही सांगून टाकतो, कारण बसचे कैवारी ते सांगत नाहीत: रिकामी बस इंधन वाचवत नाही. शहरातली मोठी डिझेल बस लिटरला साधारण तीन-चार किलोमीटर जाते. आत चाळीस माणसं असतील तर दर माणशी हिशेब झकास. पाचच असतील तर मोटारगाडी बरी. म्हणून विरळ वस्तीत दहा मिनिटांची बस मागण्यात अर्थ नाही. तिथे मोजक्या फेऱ्या, पण ठरलेल्या वेळी आणि वर्षानुवर्षं न हलणाऱ्या, एवढं मिळालं तरी पुष्कळ.

मग मेट्रो-ट्रामचं काय? त्या हव्यातच, पण त्यांच्याकडून या वर्षीच्या दरवाढीवर उपाय मागू नका. १९७३ च्या तेलसंकटानंतर, १९७५ मध्ये फ्रान्सचे वाहतूक खात्याचे मंत्री मार्सेल काव्हाये यांनी आठ शहरांना ट्रामचा विचार करा म्हणून सुचवलं. त्या आठांत नसलेल्या नांत शहराने मनावर घेतलं. काम सुरू असताना १९८३ ची निवडणूक आली, ट्रामचा प्रश्न पेटला आणि ट्राम आणणारे महापौर हरले. ट्राम धावली १९८५ मध्ये. पुढच्याच वर्षी जगात तेलाचे भाव कोसळले! ट्राम आजही उत्तम चालते, तो प्रश्न नाही. पण भाव चढल्यावर पाया खणायला घेतला की फळ पुढच्या पिढीच्या दरवाढीला मिळतं. त्या मानाने ब्राझीलमधल्या कुरितिबा शहराने महापौर जैमे लेर्नर यांच्या काळात बसलाच स्वतंत्र रस्ता दिला, आणि १९७४ मध्ये तो सुरूही झाला.

पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न मला नेहमी विचारतात, जणू तिजोरी माझ्याकडे आहे. कोलंबियातल्या बोगोटाने पेट्रोलवरच्या अधिभाराचा एक भाग आपल्या ट्रान्समिलेनिओ बससेवेकडे वळवला. पण ज्याच्या दारात बस नाही त्याच्याकडून आधी अधिभार घेतला तर तो चिडणारच, आणि त्याचं चुकत नाही. स्टॉकहोमने हा क्रम नीट पाळला. ऑगस्ट २००५ मध्ये १९७ नव्या बस आणि १६ नवे मार्ग सुरू केले, आणि शहरात गाडी आणण्याचं शुल्क त्यानंतर, जानेवारी २००६ मध्ये. मधल्या महिन्यांत नुसत्या बस वाढल्याने रस्त्यावरच्या गाड्यांत म्हणावा असा फरक पडला नव्हता. शुल्क लागलं तेव्हा वाहतूक सुमारे वीस टक्क्यांनी उतरली. ज्यांनी गाडी घरी ठेवली त्यांना बसचा मार्ग तयार मिळाला.

महाग इंधन हे असंच एक शुल्क आहे, कुणी कायदा न करता लागलेलं. लोकांना गाडीतून उतरवायचं अवघड काम ते परस्पर करून देतं. अशा वेळी कर उतरवून त्यांना पुन्हा गाडीत बसवायचं, आणि त्यात गेलेल्या पैशाची भरपाई म्हणून मला फेऱ्या काढायला सांगायचं, हे मात्र मला अजूनही कुणी पटवून दिलेलं नाही.