चाकावर कधी बसायला मिळेल?

तुम्ही विचारलेत म्हणून लिहिते. चिमूर तालुक्यातल्या आमच्या गावी दर रविवारी भरणाऱ्या मातीकाम मंडळात नवीन आलेला प्रत्येक जण, मग तो अकरावीतला मुलगा असो की नोकरीतून निवृत्त झालेली बाई, पहिल्याच दिवशी हा प्रश्न विचारतो. "दोन महिन्यांनी" असे उत्तर दिले की त्याचा चेहरा उतरतो, आणि हा उशीर मुद्दाम शिस्त लावण्यासाठी ठेवला असावा, असा बहुतेकांचा समज होतो. तो समज दूर व्हावा असे मला मनापासून वाटते, कारण दोन महिन्यांच्या या अटीमागे आमची पहिल्या वर्षाची एक भट्टी आहे.

मंडळ सुरू केले तेव्हा अशी कोणतीही अट नव्हती. गावच्या पडीक गोदामात दोन चाके बसवली, विटांची एक भट्टी आम्हीच बांधली, मालगुजारांच्या काळातल्या तलावाचा गाळ उन्हाळ्यात काढून आणला आणि येईल त्याला पहिल्या रविवारीच चाकावर बसवले. माती आम्ही घरच्या धान्याच्या चाळणीने कोरडीच चाळत होतो. त्या धुळीने सगळ्यांना खोकला यायचा. मातीच्या धुळीतली सिलिका फुप्फुसात साचत जाते आणि ती पुन्हा बाहेर निघत नाही, हे तेव्हा आमच्यापैकी कोणाच्याही ध्यानात आले नव्हते. पोळ्याच्या आठवडाभर आधी पहिली भट्टी लावली. पऱ्हाट्या आणि तुराट्या जाळल्या. जितका ताव जास्त तितके भांडे पक्के, एवढेच ज्ञान गाठीशी असल्यामुळे तापमापकाचा आकडा ९५० अंशांवर जाईपर्यंत आम्ही जाळ देत राहिलो. झरोक्यातून आतली भांडी पळसाच्या फुलासारखी केशरी दिसू लागली, तेव्हा सर्वांनी टाळ्या वाजवल्या होत्या. भट्टीतून एकूण ७३ नग निघाले, आणि त्यांतले निम्म्याहून अधिक नग म्हणजे मुलांनी तान्ह्या पोळ्यासाठी केलेले बैल होते. एकाही नगाला तडा नव्हता.

चौथ्या दिवशी एका बैलाच्या पाठीवरून रुपयाएवढा टवका उडाला. खाली खोलगट खड्डा होता आणि खड्ड्याच्या बरोबर मध्यभागी ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका. त्या संध्याकाळी आणखी दोन नग तसेच निघाले. हवेत पावसाळी दमटपणा होता, आणि फळीवर नुसती ठेवलेली भांडी, त्यांना कोणी हात लावलेला नसताना, आपोआप टवके टाकत होती. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मुले बैल घेऊन आली तेव्हा कोणाच्या बैलाचे वशिंड गेले होते, कोणाचा पाय. आठवड्याअखेर ७३ पैकी ५१ नग वाया गेले. एक मुलगी उडालेला टवका तळहातावर घेऊन माझ्यासमोर उभी राहिली आणि तिने विचारले, "बाई, हा चिकटवता येईल का?"

उत्तर मिळाले ते गावच्या वयोवृद्ध कुंभारांकडून. त्यांना सगळे मामाजी म्हणतात. त्यांनी तो पांढरा ठिपका नखाने उकरला, जिभेच्या टोकाला लावला आणि म्हणाले, "मातीत चुनखडं हाये, अन् जाळबी जास्त देल्ला तुमी." एका वाक्यात त्यांनी दोन्ही कारणे सांगितली होती. त्यांमागचे रसायन मी पुढे वाचून समजून घेतले.

आमच्याकडच्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे असतातच. शेतकरी त्यांना कंकर म्हणतात. हा खडा साधारण ८०० अंशांच्या पुढे तापला की त्याच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि भांड्याच्या भिंतीत कळीचा चुना उरतो. कळीच्या चुन्यावर पाणी पडले की तो कसा तापतो आणि फुलतो, हे घराला चुना लावताना ज्यांनी पाहिले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. भांड्याच्या आत अडकलेला चुना हवेतला ओलावा हळूहळू ओढून घेतो, फुगतो, आणि फुगायला जागा नसल्यामुळे वरची खपली उडवून देतो. मामाजींच्या आव्यात, म्हणजे कुंभारांच्या पारंपरिक भट्टीत, हे क्वचितच घडे, कारण फटीतून भांडे गुंजेसारखे लाल दिसले की ते जाळ थांबवत असत. आम्ही जास्त पक्के भांडे काढायला गेलो आणि त्यामुळेच नुकसान झाले. भट्टीतून काढलेले भांडे लगेच पाण्यात बुडवून ठेवले तर बऱ्याच वेळा ते वाचते, हा उपायही नंतर कळला. पण खरा उपाय खडा मातीतून काढण्याचाच आहे.

म्हणून पहिले दोन महिने मातीचे. तलावातून आणलेला गाळ आधी खडखडीत वाळवावा लागतो, कारण कोरडे ढेकूळ पाण्यात टाकताच विरघळते, तर अर्धवट ओले ढेकूळ चार-चार दिवस तसेच राहते. हे मला अजूनही नवलाचे वाटते. ढेकळे मोगरीने फोडून ड्रममध्ये तीन दिवस भिजत घालायची, ढवळून पातळ राब, म्हणजे मातीचा पातळ काला, करायची आणि ती ६० नंबरच्या (इंचाला ६० छिद्रांच्या) जाळीतून गाळायची. इतक्या बारीक जाळीतून जो चुना खाली जातो तो मातीत विखुरला जातो आणि टवके उडवण्याइतका त्याचा जोर राहत नाही. गाळलेली राब निवली की वरचे पाणी काढून ती जुन्या सुती लुगड्यात बांधून टांगायची. मग रेती घालून पायांनी तुडवायची आणि शेवटी हातांनी मळायची. काळी माती एकटी वापरता येत नाही, कारण ती ओली असताना फुगते आणि वाळताना आकसते. चैत्र-वैशाखात शेतात हात जाईल एवढ्या भेगा ज्या कारणाने पडतात, त्याच कारणाने मडक्यालाही पडतात. प्रत्येक नव्या घाण्याची आम्ही एक पट्टी करतो, तिच्यावर १० सेंटिमीटरची रेघ मारतो आणि वाळल्यावर ती पुन्हा मोजतो. रेघ नऊच्या खाली गेली तर रेती वाढवायची.

ही माती मंडळात जी बाई पास करते तिच्याबद्दल लिहिल्याशिवाय हे उत्तर पुरे होणार नाही. मामाजींच्या पत्नी, आमच्या मामीजी, लग्न होऊन आल्यापासून माती करत आल्या. खणणे, वाहणे, भिजवणे, तुडवणे हे सगळे त्यांचे. चाकाला मात्र त्यांनी हात लावला नाही, कारण बाईने चाक चालवू नये अशी त्यांच्या घरची रीत होती, आणि ती रीत अनेक कुंभार घरांत होती. गावाने माठ पाहिले ते मामाजींचे म्हणून. मामीजी आमच्या मातीची चिमूट घेतात, पुढच्या दातांखाली धरतात आणि डोळे मिटून हलकेच घासतात. कर्र असा बारीकसा आवाज त्यांना जाणवला की त्या काही न बोलता जाळीकडे बोट दाखवतात. पूर्ण ड्रम पुन्हा गाळावा लागतो. आजपर्यंत त्यांनी पास केलेल्या मातीतून एकही टवका उडालेला नाही. मंडळाच्या चाकावर बसायचा आग्रह आम्ही त्यांना केला, तेव्हा त्या एकदा बसल्या, एक बोळके काढले, ते मोडून पुन्हा गोळा केला आणि उठल्या. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत आणि आम्हीही विचारले नाही.

"विकतची तयार माती का आणत नाही?" हा पुढचा प्रश्न असतो. आणता येईल. परंतु मंडळ महिन्याच्या ५० रुपये वर्गणीवर चालते, आणि गाडीभाड्यातच ती संपेल. दुसरा मार्ग म्हणजे माती करायला मजूर लावावा, असा ठराव एका बैठकीत खरोखर आला होता आणि त्यावर बराच वाद झाला. मी विरोधात बोलले. आमच्याकडे पगारी माणूस नाही, जो तो आपला रविवार देतो. अशा ठिकाणी काहींनी फक्त चाकावर बसायचे आणि एकाने फक्त चिखल तुडवायचा, ही मामीजींच्या घरचीच वाटणी आम्ही पुन्हा उभी केली असती. शेजारच्या वर्ध्यात १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, आणि गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांनी तिथल्या मगनवाडीत बसून तेलघाणी, हातकागद अशा धंद्यांचा विचार कच्च्या मालापासून केला. आमच्याच चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी ग्रामोदय संघातून कुंभारकामाच्या सुधारणेसाठी आयुष्य वेचले. या मुलखात राहून माती दुसऱ्याकडून तुडवून घेणे मला पटत नव्हते, आणि ते मी त्या बैठकीत याच शब्दांत सांगितले. ठराव बारगळला.

या अटीची किंमतही आम्ही मोजतो. गेल्या वर्षी नऊ जण नव्याने आले, त्यांतले चारच टिकले. गेलेल्यांत एक मुलगा असा होता की ज्याच्या बोटांना उपजत समज होती, आणि त्याला आम्ही गमावले याचे मला आजही वाईट वाटते. त्यानंतर आम्ही एक बदल केला. तो आधीच करायला हवा होता. आता पहिल्या दिवसापासून प्रत्येकाला मूठभर पास झालेली माती मिळते, आणि तिच्या वळकट्या करून किंवा अंगठ्याने खोलगट करून हातानेच पणती, वाटी, भुलाबाईची मूर्ती घडवता येते. या वस्तू भट्टीत सगळ्यांच्या भांड्यांसोबतच लागतात. चाक थांबते, काम थांबत नाही.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचे उत्तर दोन महिने असेच आहे. तुमच्या हातचा पहिला ड्रम मामीजींच्या दाताखालून एका खेपेत पास झाला तर त्याआधीही. येताना जुने कपडे घाला, सकाळी साडेसातच्या आत या, कारण उन्हाळ्यात दहानंतर गोदामाच्या टिनाखाली उभे राहवत नाही. आणि घरात आजीचे एखादे सुती नऊवारी लुगडे पडून असेल तर ते सोबत आणा. राब टांगायचे आमचे लुगडे दोन ठिकाणी विरले आहे आणि या रविवारी पूर्ण ड्रम गाळायचा आहे.