सगळे पेशंट पुढेच पाठवता ना?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नाहीतर हे लग्नाकार्यात, ट्रेनमध्ये, अगदी माझे बॅचमेटसुद्धा विचारतात आणि मी दोन वाक्यात उत्तर देऊन मोकळी होते. की कोकणात तालुक्याच्या हॉस्पिटलात एमडी मेडिसिन काय करणार, तिथे ना कॅथलॅब ना धड आयसीयू, पेशंट सिरीयस झाला की पुढे पाठवायचा, त्याला फिजिशियन कशाला?

पाठवते की, बरेच पाठवते. पण कधी पाठवायचं आणि गाडीत घालायच्या आधी काय काय करायचं, माझं अर्धं काम तर तेच आहे. त्यात पावसाळ्यात पुण्याकडे जाणारा वरंध घाट बंद असला की रस्ता अजून लांबतो.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात, पहाटे साडेचारला, एका पंचविशीतल्या मुलाला त्याचा भाऊ घेऊन आला. रात्री दोनपासून पोटात दुखतंय, दोन उलट्या झाल्या, घरी अ‍ॅसिडिटीची गोळी देऊन झाली होती. पोट हाताला मऊ, अंगावर खूण कुठेच नाही, पण तो माझ्याकडे बघताना मान मागे टाकून बघत होता, कारण पापण्या वर जातच नव्हत्या. विचारलं, झोपला होतास कुठे? म्हणाला खाली, चटईवर.

मण्यार. ही रात्री झोपलेल्या माणसाला चावते, दात इतके बारीक की सूज नाही आणि दुखत पण नाही फारसं. घोणस चावली तर पाय सुजतो, रक्त गोठत नाही, साध्या काचेच्या ट्यूबमध्ये रक्त घेऊन 20 मिनिटं न हलवता ठेवलं की कळतं. मण्यारीत ती टेस्ट नॉर्मल येते, म्हणून डोळ्यांकडे बघावं लागतं.

अँटीव्हेनम, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, त्याच्या 10 वायल चालू केल्या. भाऊ रडकुंडीला आलेला, मॅडम आत्ताच मुंबईला नेऊया. 108 ला फोन केलेलाच होता, पण मी त्या मुलाला एका श्वासात आकडे मोजायला लावले. पहिल्यांदा 21 पर्यंत गेला. पंधरा मिनिटांनी 14. मग 8, आणि उशीवरून मान उचलेना. औषध चालू असूनही असं होतं, कारण मण्यारीचं विष नसांच्या टोकांचं जे नुकसान करून बसलेलं असतं ते अँटीव्हेनमने भरून येत नाही, टोकं पुन्हा तयार होईपर्यंत श्वास आपणच द्यायचा असतो. तसाच गाडीत घातला असता तर हायवेवर कुठेतरी श्वास थांबला असता.

श्वासनळीत ट्यूब टाकली. टाकायच्या आधी त्याच्या कानाशी सगळं सांगितलं, कारण अशा पेशंटला ऐकू येतं, कळतं, फक्त हलता येत नाही, आणि सिस्टरना बजावलं की याच्या शेजारी कोणीही 'आता काही खरं नाही' असलं बोलायचं नाही. व्हेंटिलेटर कोविडनंतर आलाय, पण रात्री तो चालवणारं माणूस नव्हतं, म्हणून आमचे वॉर्डातले मामा आणि त्याचा भाऊ आळीपाळीने अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, दाबत बसले, मी शेजारी आकडे म्हणत. गाडी आली तेव्हा उजाडलं होतं. पुढे पाच दिवस तो व्हेंटिलेटरवर होता.

अशा ठिकाणी राहून फिजिशियन काय करू शकतो याचं आमच्या भागातलंच उदाहरण द्यायचं तर महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर. विंचू चावून मुलं हार्ट फेल होऊन जायची, तिथे प्राझोसिन ही ब्लडप्रेशरची साधी गोळी कशी चालते हे त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांनी 1986 मध्ये लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये मांडलं. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय, हे सगळं पेशंटच्या उशाशी बसून बघितलेलं होतं. विंचू चावलेलं मूल आलं की आजही मी आधी हात गार आहेत का ते बघते.

दसऱ्यानंतर तो मुलगा ओपीडीत आला, चालत. मी पहिलं विचारलं, आता झोपतोस कुठे? खाटेवर, मच्छरदाणी लावून, म्हणाला. आणि आई?

आई अजून खालीच.

म्हटलं, आज घरी गेल्यागेल्या आधी तिची खाट घाल, मग बाकीचं बोलू.