जाळी 48 मीटरच, वाढवून मिळणार नाही

गोष्टीच्या आधाराने धडा घ्यायचा म्हटलं की आधी मुखवटे आणि पुठ्ठ्याची झाडं सुरू होतात. त्यात दोन तासिका जातात आणि शिकणं बाजूलाच राहतं. खरी गरज असते ती एका पत्राची, आणि त्यात अडचण हवी.

ब्रिटिश नाट्यशिक्षिका डोरोथी हीथकोट यांच्या पद्धतीत मुलं तज्ज्ञांची भूमिका घेतात आणि कुणीतरी त्यांच्यावर काम सोपवतं; त्या कुणाच्या तरी नावाने पत्र लिहितो तो शिक्षकच. समजा, पाचवीचा वर्ग प्राण्यांचे निवारे आखून देतो. पत्र येतं: 'जखमी हरणं येताहेत. जाळी 48 मीटरच आहे. आयताकृती कुंपणाचा आराखडा पाठवा.'

चौघांचा गट, चौकटीचा कागद, एक चौकट म्हणजे एक मीटर. 20 × 4 घेतलं तर 80 चौरस मीटर, 14 × 10 ला 140, 12 × 12 ला 144. जाळी तेवढीच, जागा मात्र वाढत जाते. विज्ञान इथेच शिरतं: हरीण बुजरं, त्याला माणसांपासून लांब सरकायला जागा लागते. 20 × 4 मध्ये ते कुठेही गेलं तरी जाळी 2 मीटरच्या आतच.

मग दुसरं पत्र: 'एका बाजूला लांबलचक भिंत आहे, तिकडे जाळी नको.' 'चौरसच सगळ्यात मोठा' असं धरून बसलेली मुलं 48 ला तिनाने भागतात, 16 × 16, म्हणजे 256. पण भिंतीला समांतर 24 आणि बाजूंना 12-12 घेतले की 288! इथे जीभ आवरायची. बाजू एकेक मीटरने बदलत तक्ता करायला लावला की मुलांना ते आपसूक दिसतं.

भाषेसाठी वेगळा निबंध कशाला? आराखड्यासोबत कारणं देणारं पत्र लिहायचंच असतं. ते मोघम असेल तर लाल शेरा न मारता पत्र पाठवणाऱ्याकडून उलट प्रश्न यावा: 'फाटक कुठे ठेवलंय?'

फसतं ते बहुतेक विषय कोंबल्यामुळे. हरणं आहेत म्हणून हरणाचं गाणं, हरणाचं चित्र, हरणाचा इतिहास! कामाला ज्याची गरज नाही ते गाळावं. एखादा गट 'आम्ही आणखी जाळी विकत आणली' म्हणतोच. त्याला ओरडू नये, पण पत्र पाठवणाऱ्याची भूमिका न सोडता 'पैसे मंजूर नाहीत' असं कळवावं. ही अट एकदा सैल सोडली की गणित संपलं. गटात एकच जण पेन्सिल धरून बसत असेल तर मोजणारा, आखणारा, लिहिणारा आणि तपासणारा अशी कामं वाटून द्यावीत आणि दुसऱ्या पत्रानंतर बदलावीत.