पंचांग बघून तारकर्ली

मे महिन्यात तारकर्लीला जायचं ठरलं की मी हॉटेलच्या आधी कालनिर्णय उघडते. मुहूर्तासाठी नव्हे, भरती-ओहोटीसाठी. किनाऱ्यावरची जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी साधारण सहाला पूर्ण भरती. पौर्णिमा-अमावास्येला तीच भरती दुपारच्या सुमारास. हिशेब ढोबळ आहे, पण सहलीचं वेळापत्रक आखायला पुरेसा. पाण्यात मजा करायची तर पाण्याचं घड्याळ पाळावं लागतं, हे मला मनापासून पटलंय.

यंदा भाचरांना घेऊन गेले ती भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असतो तेव्हा, अष्टमीच्या आसपास. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी जोरात आत-बाहेर करतं आणि तळाची वाळू ढवळते. भांगाला ते मानाने शांत असतं. स्कूबाला हेच हवं. पाणी सगळ्यात नितळ असतं ते थंडीत, पण शाळांच्या सुट्ट्या मे महिन्यात, तेव्हा निदान तिथी तरी आपल्या सोयीची निवडावी. आणि जायचं ते सकाळीच. दुपारी वारा सुटला की समुद्र खवळतो, होडी हलते आणि पोटातले घावणे वर येतात.

स्कूबाची होडी सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूला नांगर टाकते. आधी उथळ पाण्यात सराव. तोंडाने श्वास घ्यायचा आणि उतरताना चिमटीत धरलेल्या नाकात हलकेच फुंकायचं, म्हणजे कानांच्या आतबाहेरचा दाब सारखा होतो. दोन मीटरवरच कान दुखायला लागतात, आणि तिथे बळ करायचं नसतं. पाण्याखाली अंगठा वर करणं म्हणजे ‘मला वर न्या’. ‘सगळं ठीक’ सांगायला अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ करायचं. धाकटी भाची हे रात्रभर घोकत होती. खाली पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेल्या माशांचा थवा तिच्या काचेसमोर थांबला, तेव्हा तिने दोन्ही हातांनी वर्तुळं केली.

खालची प्रवाळं दगडासारखी दिसतात, पण ती जिवंत असतात. पाय टेकला तरी इजा होते. हा भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. फोटोसाठी प्रवाळ धरायला सांगणारा कुणी भेटला तर स्पष्ट नाही म्हणा.

किल्ला मात्र घाईत उरकू नका. चहूबाजूंनी खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. पोरांना हे बघूनच पटतं.

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. त्सुनामी आयलंड नावाची पुळण इथलीच. ओहोटीला ती उघडी पडते, पोरं गुडघाभर पाण्यात हुंदडतात, आणि बनाना राईड, जेट स्की सगळं तिथून सुटतं. आमचे होडीवाले काका वाळूवर उभे राहून सारखे पाण्याकडे बघत होते. “पाणी भरूक लागला काय हयसून निघूचा,” असं त्यांनी उतरतानाच बजावलं होतं. बघता बघता वाळूची कड आत सरकत गेली आणि काकांनी हाक मारली. भाचे कुरकुरले, पण निघालो.

संगमावर पोहू नये, हे मी कळकळीने सांगते. ओहोटीला नदीचं पाणी आणि भरतीचं परतणारं पाणी एकत्र बाहेर धावतं, आणि वरून ते तळ्यासारखं संथ दिसतं. भलाभला पोहणाराही त्याच्या उलट येऊ शकत नाही. पोहायला तारकर्लीचा उघडा किनारा बरा. तिथेही आधी गावातल्या माणसाला विचारा, आणि कंबरेच्या वर पाणी येऊ देऊ नका.

मला स्वतःला सगळ्यात आवडलं ते कर्लीतलं कयाक. भरती लागल्यावर प्रवाहाबरोबर खाडीच्या आत वल्हवत जायचं. दोन्ही काठांना माड, मोटारीचा आवाज नाही. पाणी फिरलं की तेच परत आणून सोडतं, हात दुखत नाहीत. लाईफ जॅकेटचे बंद मात्र खाडीतही आवळलेलेच हवेत.

मे संपता संपता पावसाळ्यासाठी हे खेळ आणि किल्ल्याच्या होड्या बंद होतात, त्या सप्टेंबरपर्यंत. म्हणून महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यातली अष्टमी शोधा आणि तिच्या आगेमागे खोली सांगून ठेवा. देवबागात घरगुती निवास-न्याहारीच्या खोल्या पुष्कळ आहेत, पण सुट्टीत त्या लवकर भरतात.