ट्यूब अजून किती हंगाम जाईल?

गाळप आटोपून बॉयलर थंड झाला की माझं काम सुरू होतं. सांगली-कोल्हापूर भागातल्या साखर कारखान्यांत मी बॉयलरच्या ट्यूबची, म्हणजे पाणी-वाफेच्या नळ्यांची, जाडी अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींच्या) मीटरने मोजतो. रिपोर्ट दिला की चीफ इंजिनिअरचा प्रश्न ठरलेला: "अजून किती वर्षं काढेल?"

त्यासाठी मला आधी जुन्या वह्या लागतात. आठ गेजची नवी ट्यूब 4.06 मिलिमीटर जाड असते. आज ती 3.2 भरली, तर नुसत्या त्या आकड्यावरून मी काय सांगणार? वीस हंगामांत एवढी झिजली असेल तर काळजी नाही. दोनच हंगामांत झिजली असेल तर तो बॉयलर पेटवण्याआधी कारण सापडलंच पाहिजे, कारण भट्टीसमोर ती सांभाळणारा फायरमन उभा असतो.

हिशेब साधा आहे. आजच्या जाडीतून बॉयलरच्या दाबाला लागणारी किमान जाडी वजा करायची आणि झिजेच्या वेगाने भागायचं. अडतं ते वेग कोणता धरायचा इथे. बँक ट्यूबच्या (वरच्या आणि खालच्या ड्रमला जोडणाऱ्या नळ्यांच्या) एका ओळीत पाच हंगामांपूर्वी 3.9 होतं, गेल्या वर्षी 3.5 आणि यंदा 3.2. किमान जाडी 2.0 धरू. पाच हंगामांची सरासरी झीज 0.14 येते, म्हणजे साडेआठ हंगाम शिल्लक. पण एकट्या शेवटच्या हंगामात 0.3 गेलेत. त्या वेगाने चारच उरतात. दोन्हींतला जास्त वेग धरायचा आणि उरलेल्या आयुष्याच्या निम्म्याच्या आत पुन्हा मोजायचं, ही रिफायनऱ्यांतल्या प्रेशर व्हेसलच्या (दाबाखालच्या टाक्यांच्या) तपासणीची रीत मी इथेही पाळतो. शिवाय वेग एकदम वाढला तर आत शिरून बघतो. या ओळीसमोरच्या बॅफलच्या (वायूला वळवणाऱ्या आडभिंतीच्या) विटा ढासळल्या होत्या आणि गरम वायू जवळची वाट धरून याच ट्यूबवर आदळत होता. राखेतली वाळू आणि वायूचा वाढलेला वेग एकत्र आले की झीज कितीतरी पट होते. ट्यूबची ती बाजू हाताला गुळगुळीत लागते, पॉलिश केल्यासारखी चमकते. बॅफल बांधून घेतला आणि पुढच्या हंगामात झिजेचा वेग पुन्हा खाली आला. ट्यूब बदलायची गरजच पडली नाही. माझ्या मते वेग काढण्याचा खरा फायदा हाच. आयुष्याचा अंदाज मिळतो तो मिळतोच, पण बिघाड कुठे सुरू झालाय ते आधी कळतं.

वर मी 'हंगाम' हे माप वापरलं, पण तेही पुरेसं नाही. 2021-22 चा हंगाम काही कारखान्यांत जूनपर्यंत रेंगाळला होता. 2024-25 मध्ये बऱ्याच कारखान्यांची धुराडी मार्चपर्यंत थंडावली. दोन्ही वर्षं वहीत 'एक हंगाम' म्हणून लिहिली तर दुसऱ्या वर्षी झीज कमी झाल्याचं खोटं समाधान मिळतं. म्हणून प्रत्येक मोजणीसमोर बॉयलर किती तास चालला ते लिहा. ऊस किती मातीचा होता तेही लिहा, कारण शेतातली माती बगॅसबरोबर (उसाच्या चोथ्याबरोबर) भट्टीत येतेच.

आणि बॉयलर बंद असतानाचं काय? पावसाळाभर ट्यूबवर राहिलेली राख ओल धरते आणि तिच्याखाली गंज चढतो. मड ड्रमजवळच्या (खालच्या ड्रमजवळच्या) ट्यूबांना हा त्रास जास्त. अशा ठिकाणी पृष्ठभाग खडबडीत असतो, खड्डे पडलेले असतात. चालताना झालेली झीज आणि उभ्या-उभ्या लागलेला गंज एकाच आकड्यात मिसळले तर उपाय चुकतो. यासाठी दोनदा मोजा, गाळप संपून राख काढल्यावर लगेच एकदा आणि अग्निप्रदीपनाच्या, म्हणजे बॉयलर पेटवण्याच्या, आधी एकदा. दोन फेऱ्यांचा खर्च येतो, हे मान्य. तरी ऐन गाळपात ट्यूब फुटून कारखाना बंद पडण्यापेक्षा तो कमीच.

मोजणाऱ्या मुलांना मी दोन गोष्टी पुन्हा-पुन्हा सांगतो. मीटरमध्ये 0.1 चा फरक सहज पडतो, म्हणून लागोपाठच्या दोन वर्षांत ट्यूब 'जाड झालेली' दिसली तर ती वाढ वेगाच्या हिशेबात घेऊ नका, पृष्ठभाग घासून पुन्हा मोजा. दुसरी गोष्ट जास्त धोक्याची. ट्यूबची भिंत प्रोबच्या (मीटरच्या ट्यूबला टेकवायच्या भागाच्या) मर्यादेपेक्षा पातळ झाली की मीटर कधी-कधी दुप्पट आकडा दाखवतो. 1.1 ची ट्यूब 2.2 दिसते आणि पास होते. शेजारच्या ट्यूबांशी आकडा जुळत नसेल तर प्रोब बदलून बघायलाच हवं.

जागेची निवडही तितकीच महत्त्वाची. अमेरिकेत रिचमंडच्या शेव्हरॉन रिफायनरीत 6 ऑगस्ट 2012 ला पाइप फुटून मोठी आग लागली. तिथे जाडी मोजली जात होती, पण मोजणीचे बिंदू मुख्यतः बेंड आणि फिटिंगवर होते. फुटला तो 52 इंचांचा सरळ तुकडा. त्याच्या पोलादात सिलिकॉन कमी असल्याने तो शेजारच्या तुकड्यांपेक्षा फार वेगाने झिजला होता, आणि त्यावर मोजणीचा बिंदूच नव्हता. आपल्याकडेही ट्यूब टप्प्याटप्प्याने बदलल्या जातात. कुठली ट्यूब कोणत्या लॉटची आणि कधी बसवली, हा नकाशा कारखान्याकडे हवा, आणि प्रत्येक लॉटमधली निदान एक ट्यूब मोजणीत हवी.

भारतीय बाष्पक विनियमांनुसार 400 अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त तापमानाला चालणाऱ्या बॉयलरच्या भागांची उर्वरित आयुष्याची तपासणी एक लाख तासांनंतर करावी लागते. वर्षाला 150 दिवस चालणाऱ्या बॉयलरला लाख तास भरायला सुमारे 28 हंगाम लागतात. तेवढ्या काळात चीफ इंजिनिअर बदलतात, कपाटं बदलतात, वह्या रद्दीत जातात. जुनी वही हाती असेल तर प्लीज तिचे फोटो काढून ठेवा. अक्षर लागत नसेल तर मला पाठवा, मी आकडे उतरवून देईन.